सही करण्याआधी आणि सही केल्यावर: बँकेत नव्याने लागलेल्या अधिकाऱ्यांसाठी

पुण्यात बँकेची नोकरी हा अजूनही घराघरातला विषय आहे. सदाशिव पेठेतल्या, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये आयबीपीएसची, म्हणजे बँक भरती परीक्षेची, तयारी करणारी मुलं रात्री उशिरापर्यंत बसलेली दिसतात. शिवाजीनगरला बँक ऑफ महाराष्ट्रचं मुख्यालय लोकमंगल, कोंढव्याला बँक व्यवस्थापन शिकवणारी संस्था एनआयबीएम, विद्यापीठ रस्त्यावर रिझर्व्ह बँकेचं कृषी बँकिंग महाविद्यालय, आणि १९०६ साली सुरू झालेली कॉसमॉस बँकही इथलीच. परीक्षा पास कशी व्हायची हे सांगणारे गल्लोगल्ली आहेत. पास झाल्यावर काय करायचं, हे सांगणारं फारसं कुणी भेटत नाही.

मी एका सरकारी बँकेतून सहायक महाव्यवस्थापक (एजीएम) म्हणून निवृत्त झालो. शाखा, कर्ज विभाग, झोनल ऑफिस, मधली काही वर्षं विभागीय चौकश्या, असं बहुतेक सगळं पाहून झालं. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. बँकेत माणूस टिकतो आणि वर जातो तो वाईट बातमी वेळेवर आणि लेखी देण्याच्या सवयीवर. हुशारी, ओळखी, फाडफाड इंग्रजी यांचा नंबर त्यानंतर लागतो. ही सवय पहिल्या दिवसापासून लावता येते, आणि कुठल्या टप्प्यावर ती कशी लावायची तेच पुढे लिहितो आहे.

पहिली दोन वर्षं: काउंटर सोडू नका

प्रोबेशनवर आलेल्या मुलांना कर्ज विभागात बसायची घाई असते. कॅश, क्लिअरिंग, लॉकर, पेन्शन ही कामं त्यांना कमीपणाची वाटतात. वास्तविक पुढे मॅनेजर म्हणून ज्या शाखेत जाल तिथे तुम्हाला फसवता येईल की नाही, हे या दोन वर्षांत ठरतं. व्हाउचर कसं फिरतं हे ज्याने स्वतः पाहिलेलं नाही, त्याच्यासमोर कुणी काहीही ठेवून सही घेऊ शकतो.

तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात, एक हेड कॅशियरकडे आणि एक अधिकाऱ्याकडे. एखाद्या संध्याकाळी हेड कॅशियर म्हणेल, "साहेब, मुलीला स्टेशनवर सोडायचंय, तेवढी माझी किल्ली ठेवता का?" माणूस सरळ असतो, अडचणही खरी असते. तरी दोन्ही किल्ल्या एका खिशात येता कामा नयेत. किल्लीच्या रजिस्टरवर नोंद करून ती तिसऱ्या अधिकृत माणसाकडे द्या आणि त्याची सही घ्या. पाच मिनिटं जातील, थोडं वाईटही वाटेल. पण आज कुणालातरी अवघडल्यासारखं वाटलं म्हणून उद्याची चौकशी टळते, तर तो सौदा स्वस्तच म्हणायचा.

पासवर्डचंही तेच. "मॅडम, तुमच्या आयडीने एवढं पास करा ना, मी बाहेर आहे" हे वाक्य मी चौकशीच्या कागदपत्रांत इतक्या वेळा वाचलंय की आता ऐकलं तरी कान टवकारतात. दुसऱ्याने तुमच्या आयडीवरून केलेली एंट्री ही तुमचीच एंट्री. तिथे मैत्री, वरिष्ठता, सासरच्या गावचा असणं, काहीही कामाला येत नाही.

आणखी एक सवय लावून घ्या. रोज सकाळी शाखा उघडण्याआधी आदल्या दिवशीचे अपवादात्मक व्यवहारांचे रिपोर्ट आणि उचंत खात्यातल्या (ताळमेळ न लागलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायच्या खात्यातल्या) नोंदी बघा. उचंतात पडलेली रक्कम का पडली, कुणाची आहे, कधी निघणार, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळत नसतील तर तिथे काहीतरी शिजतंय असं समजा आणि मॅनेजरला त्याच दिवशी ईमेल टाका. चहा पिताना बोललेलं पुढे कुणाला आठवत नाही.

प्रोसेस नोट लिहायला शिका

प्रोसेस नोट म्हणजे कर्ज द्यावं की नाही याबद्दल अधिकाऱ्याने लिहिलेलं टिपण. या भागावर मी सर्वात जास्त वेळ घेणार आहे, कारण तरुण अधिकारी सर्वात कमी वेळ इथे देतात.

समजा, भोसरी एमआयडीसीत जॉबवर्क करणारा एक लघुउद्योजक सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज, मागतोय. पुढच्या वर्षीची अपेक्षित उलाढाल त्याने २ कोटी दाखवली आहे. लघुउद्योगांच्या कर्जाविषयी नेमलेल्या नायक समितीच्या सूत्राप्रमाणे उलाढालीच्या २५ टक्के, म्हणजे ५० लाख, इतकं खेळतं भांडवल लागेल असं धरायचं. त्यातले १० लाख मालकाने घालायचे आणि ४० लाख बँकेने द्यायचे. हे गणित कुणालाही जमतं. खरं काम पुढचं: त्या २ कोटींवर विश्वास ठेवायचा का?

आधी टेबलावर बसून तीन कागद शेजारी ठेवा. जीएसटी रिटर्नमधली बारा महिन्यांची विक्री, विजेची बिलं, आणि खात्यातली जमा. विक्री वाढलेली आणि वीज तेवढीच, असं असेल तर मालकाला कारण विचारा. कारण असूही शकतं. काही काम बाहेरून करून घेतलेलं असेल, तर ती बिलं दाखवायला सांगा.

मग युनिटवर जा, शक्यतो आगाऊ न कळवता, आणि एकदा तरी दुसऱ्या पाळीला. मालक केबिनमध्ये बसवून चहा मागवेल. चहा घ्यायचा, पण मशिनांच्या शेजारी उभ्याने. पाचपैकी किती मशिनं चालू आहेत? तयार मालाच्या क्रेटला लावलेल्या जॉबकार्डावर तारीख कुठली आहे? लेथखाली पडलेला लोखंडाचा चुरा चकाकतोय की गंजलाय? रोज काम चालत असेल तर तो ताजा असतो आणि उचललाही जातो. कामगारांशी दोन शब्द बोला, पगार कधी झाला हे सहज विचारा. यातलं काहीही ताळेबंदात दिसत नाही.

परत आल्यावर नोट लिहायची. आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेली नोट अशी असते: "पार्टी जुनी व प्रतिष्ठित आहे. व्यवहार समाधानकारक आहेत. सबब प्रस्तावाची शिफारस करण्यात येते." हे वाचून मंजुरी देणाऱ्याला काहीही कळत नाही, आणि खातं बुडालं तर लिहिणाऱ्याचा बचावही होत नाही.

त्याऐवजी असं लिहा: "जीएसटीनुसार गेल्या वर्षीची विक्री १ कोटी ३० लाख. हातातल्या ऑर्डरी पाहता पुढील वर्षी १ कोटी ५० लाख धरणं योग्य वाटतं. उलाढालीचा सुमारे ७० टक्के भाग एकाच खरेदीदाराकडून येतो आणि त्याची बिलं ७० ते ८० दिवसांनी येत आहेत. भेटीच्या दिवशी पाचपैकी तीन मशिनं चालू होती. मालक तांत्रिकदृष्ट्या जाणकार, हिशेब मात्र बाहेरच्या माणसाकडे. ३० लाखांची शिफारस. ९० दिवसांवरची येणी ड्रॉइंग पॉवरमधून वगळावीत. सहा महिन्यांनी फेरविचार."

(ड्रॉइंग पॉवर म्हणजे माल आणि येणी पाहून ठरणारी, प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम.) या नोटमध्ये कर्जाची शिफारसही आहे आणि त्यातली जोखीमही उघड मांडलेली आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं ४५ दिवसांत चुकती व्हावीत असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. ती ८० दिवसांनी येत असतील तर मालकाला त्याच्या हक्काची आठवण करून देणं हेही तुमचंच काम. उद्या खातं थकलं आणि स्टाफ अकाउंटेबिलिटीची, म्हणजे चूक कुणाची हे ठरवायची, फाईल उघडली, तर चौकशी अधिकारी पहिल्यांदा ही नोट काढतो. तुम्हाला जोखीम दिसली होती, तुम्ही ती लिहिली होती आणि विचार करून निर्णय घेतला होता, हे कागदावर असेल तर बहुतेक प्रकरणं तिथेच थांबतात. व्यवसायात कर्जं बुडणारच, ते बँकेलाही मान्य असतं. दिसलेली गोष्ट न लिहिणं मात्र मान्य नसतं.

नकार द्यायचा तर लवकर द्या

आपला मराठी माणूस नकार देताना फार अवघडतो. "बघू", "झोनला पाठवलंय", "पुढच्या आठवड्यात या" असं करत महिने जातात. तोवर समोरच्याने मशिनचा ॲडव्हान्स भरलेला असतो, हॉल बुक केलेला असतो. अर्ज नियमात बसत नाही हे ज्या दिवशी कळलं त्या आठवड्यात सांगून टाका. कारण लेखी द्या, तशी रिझर्व्ह बँकेची अपेक्षाही आहे. आणि शक्य असेल तर पर्याय सांगा: लिमिट नाही, पण मशिनसाठी मुदत कर्ज बसतंय, किंवा मुद्रा योजनेतून सुरुवात करा. मी नाकारलेल्या अर्जदारांपैकी काहीजण पुढे चांगले खातेदार झाले. लटकवून ठेवलेला माणूस सहसा परत येत नाही.

बाहेरच्या पुढाऱ्याचा फोन आला तर फार ताण घेऊ नका. "भाऊ, अर्ज माझ्याकडे आहे, कागद पूर्ण झाले की नियमात बसेल ते नक्की करतो" एवढं नम्रपणे म्हटलं की बहुतेक वेळा विषय संपतो. त्यालाही समोरच्याला "मी फोन केला होता" एवढंच सांगायचं असतं.

अवघड असतो तो आतला फोन. वरून कुणी तोंडी सांगतं, "ते प्रकरण आज डिस्बर्स करा, कागद मागाहून येतील." इथे बहुतेक तरुणांची गाळण उडते. राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७६ च्या अधिकारी आचरण नियमांत यासाठी सरळ तरतूद आहे. वरिष्ठाची सूचना शक्यतो लेखी असावी, तोंडी देणं अपरिहार्य झालं तर लगेच लेखी पुष्टी द्यावी, आणि ती पुष्टी मागणं हे सूचना घेणाऱ्याचं कर्तव्य आहे. म्हणजे मेल पाठवणं हा उद्धटपणा ठरत नाही. मजकूर साधा ठेवा: "सर, आज दुपारी फोनवर झालेल्या बोलण्यानुसार अमुक खात्याचं वितरण करण्याची आपली सूचना आहे. सर्च रिपोर्ट (मालमत्तेच्या मालकीची तपासणी) आणि जामीनदाराची सही अद्याप बाकी आहे. आपली पुष्टी मिळताच कार्यवाही करतो." माझा अनुभव असा की अशा मेलनंतर बऱ्याचदा फोन येतो, "राहू दे, कागद आल्यावरच करा."

यावर एखादा साहेब नाराज होईल. होऊ दे. साहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातो, फाईल राहते.

थकबाकी: तिसाव्या दिवशी जागे व्हा

शाखा हातात आल्यावर नेतृत्वाची खरी परीक्षा वसुलीत होते. हप्ता चुकला की खातं एसएमएमध्ये, म्हणजे खास लक्ष ठेवायच्या यादीत जातं: पहिले ३० दिवस एसएमए-झिरो, ३१ ते ६० एसएमए-वन, ६१ ते ९० एसएमए-टू, आणि ९० दिवस ओलांडले की एनपीए, म्हणजे अनुत्पादित कर्ज. हे सगळ्यांना पाठ असतं. तरीही फोन पंचाऐंशीव्या दिवशी जातो आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अख्खी शाखा गावभर पळत सुटते. एकदा एनपीए झालं की एखादा हप्ता भरून भागत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते तेव्हाच खातं पुन्हा नियमित होतं. म्हणून पहिल्या महिन्यातला फोन सर्वात मोलाचा. त्या वेळी माणूस खरं बोलतो. नंतर तो फोन उचलत नाही.

पीककर्जाचं गणित वेगळं आहे. तिथे दिवसांऐवजी हंगाम मोजतात, कमी मुदतीच्या पिकाला दोन आणि दीर्घ मुदतीच्या पिकाला एक. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला व्याजात सवलत मिळते, ती मुदत चुकली की हातची जाते. हे त्याला मुदत संपण्याआधी सांगायला हवं, संपल्यावर सांगून काय उपयोग.

जुन्नर, आंबेगावच्या बाजूला वसुलीला जाणार असाल तर काही गोष्टी पाळा. भर दुपारी जाऊ नका. सकाळी लवकर जा, आदल्या दिवशी निरोप द्या. चावडीवर किंवा शेजाऱ्यांसमोर रकमेचा उच्चार करू नका. घरात फक्त आई किंवा वहिनी असतील तर पाणी पिऊन, निरोप ठेवून निघा. तो भेटला की आधी रानात चला म्हणा. टोमॅटो उभा आहे की उपटून टाकलाय, नारायणगावला काय भाव लागला, मोटर चालू आहे का, हे बघितलं की पुढचं बोलणं आपोआप नीट होतं. ई-पीक पाहणीत नोंद केलेलं पीक आणि रानातलं पीक एकच आहे ना, तेही तिथेच कळतं. शेवटी नेमका प्रश्न विचारा: कधी, किती, आणि कुठून येणार? "बघतो साहेब" हे उत्तर नाही. "पंधरा तारखेला दुधाचा पगार आला की दहा हजार" हे उत्तर आहे. ते डायरीत लिहा आणि पंधराला स्वतः फोन करा.

एक मोह टाळा. थकलेलं खातं मार्चमध्ये नवं कर्ज देऊन बंद करायचं आणि आकडा सुंदर दाखवायचा. पात्र शेतकऱ्याचं पीककर्ज वेळेत नवं-जुनं करणं नियमात बसतं. फेडण्याची ताकदच उरलेली नसताना नुसतं कागद बदलणं म्हणजे थकबाकी लपवणं. शाखेपासून मुख्यालयापर्यंत सगळ्यांनी असं केलं की काय होतं ते देशाने पाहिलं. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मालमत्तेच्या गुणवत्तेची झाडाझडती घेतली आणि वर्षानुवर्षं दबलेली बुडीत कर्जं ताळेबंदावर आली. आपली बँक ऑफ महाराष्ट्र जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सुधारात्मक निर्बंधांखाली गेली आणि जानेवारी २०१९ च्या अखेरीस बाहेर आली. पुढच्या काही वर्षांत सर्वात कमी निव्वळ एनपीए असलेल्या सरकारी बँकांमध्ये तिचं नाव येऊ लागलं. आकडा एकदा खरा सांगितला की त्यावर काम करता येतं.

झोनल ऑफिसला वाईट बातमी कळवताना चार ओळी पुरतात: काय झालं, रक्कम किती, आम्ही काय केलं, तुमच्याकडून काय हवं. चौथी ओळ बहुतेक जण विसरतात आणि मग साहेब चिडतात. नुसतं रडगाणं कुणालाच नको असतं.

माणसं सांभाळताना

नव्या मॅनेजरने पहिल्या आठवड्यात सर्वात जुन्या शिपायाशी निवांत बोलावं. कुठला खातेदार कुणाचा कोण, कुणाची जमीन वादात, कोण गाव सोडून गेलाय, हे त्याला माहीत असतं. त्याला "काका" म्हणा, आणि हेड कॅशियर तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा असेल तर चुकूनही एकेरीवर येऊ नका. दुसऱ्या राज्यातून आलेली क्लार्क मंडळी असतात. त्यांना रोज पाच मराठी वाक्यं शिकवायचं काम कुणाकडे तरी सोपवा. पेन्शनच्या दिवशी आजींना "थांबा, देते" एवढं मराठीत ऐकू आलं तरी रांग शांत राहते.

सुट्ट्यांचं वेळापत्रक आषाढातच आखा. गणपतीत अख्ख्या पुण्याला रजा हवी असते आणि गौरींना तर दुप्पट. ऐनवेळी नाही म्हणण्यापेक्षा आधी सगळ्यांना एकत्र बसवून वाटणी करायला लावा. आणि संवेदनशील टेबलांवरच्या माणसांना वर्षातून सलग किमान दहा कामकाजाचे दिवस, आधी न सांगता, रजेवर पाठवण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम मनापासून पाळा. माणूस नसताना त्याच्या टेबलावरचं काम दुसरा करतो आणि बरंच काही आपोआप समजतं. जो कधीच रजा घेत नाही, त्याचं कौतुक करण्याआधी त्याची खाती बघा.

विमा आणि म्युच्युअल फंडाच्या टार्गेटबद्दल माझं मत सध्याच्या बऱ्याच साहेबांना आवडणार नाही. एफडी मोडायला आलेल्या सत्तरीच्या आजोबांना दहा वर्षं हप्ते भरायची पॉलिसी विकणारा कर्मचारी तुमच्या शाखेत टाळ्या घेत असेल, तर ती शाखा वाईट चालली आहे. विकली गेलीच असेल तर आता फ्री-लूक मुदत ३० दिवसांची आहे, तेवढ्यात स्वतः फोन करून ती परत करून द्या. टार्गेट कमी पडलं तर वर कळवा: आमचा खातेदार पेन्शनर आहे, त्याला हे बसत नाही. शिव्या मिळतील, चार्जशीट मिळणार नाही.

परीक्षा, बदली, बढती

जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षा पहिल्या काही वर्षांत उरकून टाका. वेतनवाढ मिळते, बढतीत उपयोग होतो, आणि लग्न-मुलं झाल्यावर अभ्यास होत नाही. याहून जास्त त्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

ग्रामीण शाखा लवकर मागून घ्या. मुलं शाळेत जायच्या आधी भोर, वेल्हे किंवा अगदी गडचिरोली परवडतं, ती दहावीला असताना नाही. शिवाय लहान शाखेत कर्ज, कॅश, ऑडिट, कोर्ट, तहसील सगळं एकट्याने करावं लागतं. पुण्यातल्या मोठ्या शाखेत पाच वर्षं एकाच टेबलावर बसून ते शिकता येत नाही. त्यानंतर एक विषय निवडा, म्हणजे मोठी कर्जं, परकीय चलन, ट्रेझरी, सायबर सुरक्षा असं काहीतरी. स्केल थ्रीपर्यंत, म्हणजे अधिकाऱ्यांच्या तिसऱ्या श्रेणीपर्यंत, सगळं थोडं थोडं येणारा माणूस चालतो. स्केल फोरला चीफ मॅनेजर आणि फाइव्हला एजीएम करताना मात्र याला नेमकं काय येतं असं विचारलं जातं.

बढतीच्या मुलाखतीत मी समोरच्या बाजूला बसलोय. शाखेच्या ठेवी, कासा (चालू आणि बचत खात्यांतल्या ठेवी), सीडी रेशो (ठेवींच्या तुलनेत कर्जं), एनपीए हे आकडे न अडखळता यायला हवेत. पण पॅनेल ऐकत असतं वेगळंच. "तुमच्या काळात बिघडलेलं एक खातं सांगा" असं विचारलं की निम्मे उमेदवार आधीच्या मॅनेजरचं खातं सांगतात. ज्याने स्वतः मंजूर केलेलं, स्वतःच वेळेत कळवलेलं आणि काही अंशी सोडवलेलं खातं सांगितलं, त्याच्याबद्दल आम्ही नंतर चहाला बोलायचो. त्यासाठी एक वही ठेवा. खातेदारांची नावं न लिहिता दर महिन्याला एखादा निर्णय, त्यामागचं कारण आणि पुढे काय झालं, एवढंच टिपा. वार्षिक मूल्यांकन भरतानाही "मेहनतीने काम केले" लिहिण्याची वेळ येत नाही.

खासगी बँकेची ऑफर आली तर पगारासोबत टार्गेट काय, ते चुकलं तर काय, आणि तुमच्या आधी त्या खुर्चीत बसलेला माणूस कुठे गेला, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात तेही बघा.

चार्ज देताना

बदलीची ऑर्डर आली की सत्कार, पेढे, फोटो यात दोन दिवस जातात आणि चार्ज अर्ध्या तासात उरकला जातो. ते उलटं करा. कॅश, किल्ल्या, सिक्युरिटी फॉर्म (कोरी चेकबुकं, एफडीच्या कोऱ्या पावत्या), सोन्याची पाकिटं मोजून द्या. मग नव्या मॅनेजरसाठी वेगळी लेखी यादी करा: एसएमएमधली खाती आणि प्रत्येकाचं खरं कारण, कोर्टात चालू असलेले दावे आणि पुढच्या तारखा, मंजुरीची अट पूर्ण न झालेली कर्जं, आणि ज्यांची कागदपत्रं मुदतबाह्य होत आली आहेत ती खाती. साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. कर्जदाराकडून बाकीची लेखी कबुली त्याआधी घेतली नाही तर पुढच्या माणसाचे हात बांधले जातात. शक्य असेल तर पहिल्या पाच मोठ्या थकबाकीदारांकडे त्याला स्वतः घेऊन जा आणि समोरासमोर ओळख करून द्या.

यादीच्या दोन प्रती काढा, दोन्हींवर दोघांच्या सह्या आणि तारीख घ्या. एक शाखेत राहील, एक तुमच्या चार्ज फाईलमध्ये. पेढे नंतर वाटा.